आपला श्रावण, शेजारचा सावन



या व्याख्यानमालेत माझ्याआधी कवी, समीक्षक, नाटककार बोलून गेले. मी यांतला कोणीच नाही. इंदूरच्या एका शाळेत पस्तीस वर्षे गणित आणि विज्ञान शिकवले, एवढीच माझी पुंजी. विषय काय घ्यावा हे ठरत नव्हते, तेव्हा घरातच घडलेल्या एका प्रसंगाने तो हातात दिला. आपल्यापैकी ज्यांच्या घरात मालवी किंवा बुंदेली सून आली आहे, किंवा ज्यांची लेक अशा घरात गेली आहे, त्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.

दिवस ९ जुलै २०२३, रविवार. मुलगा सकाळी मटण घेऊन आला. आमच्या हिशेबाने आखाड चालू होता आणि आखाडातले रविवार मोजकेच उरले होते. आमची सून उज्जैनकडची. ती ओट्यापाशी थबकली आणि मला म्हणाली, "पापाजी, सावन लागून पाच दिवस झाले." माझी पत्नी आतून म्हणाली, "अगं, कुठला श्रावण? अजून सव्वा महिना आहे. मध्ये धोंड्याचा महिना यायचाय." सुनेने मोबाइल पुढे केला, पत्नीने भिंतीवरचे कॅलेंडर दाखवले. दोघींचेही खरे होते. मटण फ्रिजमध्ये गेले आणि सुनेने मला सरळ प्रश्न केला, "पापाजी, आपण तर विज्ञान शिकवलंय. तुमचा श्रावण चुकीचा, की आमचा?"

चंद्र दोघांचा एक. गच्चीवर गेलो तर दिसणारी कोरही एक. मग महिना वेगळा कसा?

उत्तर सोपे आहे, पण ते पौर्णिमेपासून धरावे लागते. आपल्या महिन्यांना नावे मिळाली ती पौर्णिमेच्या चंद्रावरून. पौर्णिमेला चंद्र चित्रा नक्षत्राच्या आसपास असतो तो चैत्र, विशाखाच्या आसपास तो वैशाख, श्रवणाच्या आसपास तो श्रावण. नाव देणारी ही पौर्णिमा आपली आणि शेजाऱ्यांची एकच असते. राखीपौर्णिमा त्यांचीही श्रावणात आणि आपलीही. फरक एवढाच, की आपण त्या पौर्णिमेला महिन्याच्या मधोमध बसवतो आणि ते तिला महिन्याच्या शेवटी बसवतात. आपला महिना अमावास्येला संपतो म्हणून तो अमान्त, त्यांचा पौर्णिमेला संपतो म्हणून पूर्णिमान्त.

आता जरा कागदावर आखून पाहा. पौर्णिमेच्या आधीचा उजळता पंधरवडा दोघांच्याही महिन्यात आहे. प्रश्न राहतो तो काळोख्या पंधरवड्याचा. आपण पौर्णिमेनंतरचा काळोखा पंधरवडा त्या महिन्याला जोडतो, ते उजळत्याच्या आधीचा जोडतात. म्हणून शुद्ध पक्षात दोघांच्या महिन्याचे नाव एकच असते आणि वद्य पक्षात शेजारी आपल्या एक नाव पुढे असतात. एवढा एकच नियम ध्यानात ठेवला की निम्म्याहून अधिक गोंधळ मिटतो.

गुढीपाडवा, रामनवमी, गणेशचतुर्थी, दसरा हे सगळे शुद्ध पक्षातले. तिथे वाद उद्भवतच नाही. पण गोकुळाष्टमी आपली श्रावण वद्य अष्टमी, त्यांची भादों बदी अष्टमी. महाशिवरात्र आपली माघात, त्यांची फाल्गुनात. पितृपक्ष आपला भाद्रपदात, त्यांचा क्वारात म्हणजे आश्विनात. धनत्रयोदशी आणि लक्ष्मीपूजन आपल्या आश्विनात, त्यांच्या कार्तिकात. दिवस तोच, दिवा तोच, नाव वेगळे. वटसावित्रीचे मात्र तसे नाही. आपल्या बायका ज्येष्ठी पौर्णिमेला वडाला सूत गुंडाळतात आणि उत्तरेकडच्या त्याच्या पंधरा दिवस आधी, अमावास्येला. तिथे नावाचे भांडण नाही, दिवसच वेगळा आहे.

इंदूरकरांसाठी रंगपंचमीचे उदाहरण द्यायला हवे. राजवाड्यावर गेर निघते त्या दिवशी आपल्या पंचांगात फाल्गुन वद्य पंचमी असते. शेजाऱ्यांच्या पंचांगात चैत्र लागून पाच दिवस झालेले असतात. पण गंमत अशी, की चैत्र लागला तरी त्यांचे नवे विक्रम संवत लागलेले नसते. ते लागते आपल्या गुढीपाडव्याला, त्यांचा अर्धा चैत्र उलटून गेल्यावर. पहिल्या महिन्याचा पहिला पंधरवडा जुन्या वर्षात आणि दुसरा नव्या वर्षात! मुलाला हे सांगितले तेव्हा तो विजयी मुद्रेने म्हणाला, "म्हणजे आपलंच बरोबर." मी म्हटले, थांब. आपल्या महिन्याला नाव पौर्णिमेच्या चंद्रावरून मिळते आणि पौर्णिमेचे जुने नाव पूर्णमासी, म्हणजे मास पूर्ण झाला तो दिवस. पूर्णमासीला ज्यांचा महिना पूर्ण होत नाही ते आपण. तेव्हा फार ताठ मानेने बोलण्यात अर्थ नाही.

दोन्ही पद्धती जुन्या आहेत आणि एकमेकींच्या घरात वस्तू ठेवून गेल्या आहेत. शेजाऱ्यांचे पंचांग उघडून अमावास्येपुढचा आकडा पाहा. तिथे ३० लिहिलेले असते, महिन्याची तिसावी तिथी. त्यांच्या महिन्यात ती येते मधोमध, तरी आकडा ३० च. हा अमान्त पद्धतीचा ठसा. आणखी एक शब्द. जुन्या शिलालेखांत शुक्ल पक्षातला दिवस लिहिताना 'शु दि' आणि बहुल म्हणजे कृष्ण पक्षातला दिवस लिहिताना 'ब दि' असा संक्षेप करीत. त्याचेच सुदी आणि बदी झाले, वदि झाले. आपल्या 'वद्य'चे नाते याच वदिशी. एका संक्षेपाची लेकरे, दोन घरांत वाढलेली.

बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा इथल्या मराठी मंडळींना हा त्रास नाही, कारण गुजराती, तेलुगू, कन्नड आणि कोकणी शेजारीही अमान्तच मोजतात. बडोदेकरांना फार तर एवढेच जाणवते, की शेजाऱ्यांचे नवे वर्ष दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला लागते. महिने जुळतात, वर्ष जुळत नाही. नर्मदा ओलांडून वर आलेल्या आपल्यासारख्यांच्या वाट्याला मात्र घराच्या उंबऱ्यावरच दोन पद्धतींची सीमा आली.

ही सीमा पाहायची असेल तर उज्जैनला श्रावणातल्या सोमवारी जा. महाकाळाची सवारी पालखीतून निघते, क्षिप्रेवर रामघाटाला जाऊन परतते. सवाऱ्या नुसत्या सावनात निघत नाहीत, भादोंच्या पहिल्या पंधरवड्यातल्या सोमवारीही निघतात. सावनची सवारी भादोंत का? कारण शेजाऱ्यांच्या भादोंचा पहिला पंधरवडा म्हणजे आपल्या श्रावणाचा दुसरा. महाकाळाच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांनी केला आणि पुढे देवस्थानावर शिंदेशाहीच्या रीतीभातींची छाप राहिली. उज्जैनचे जुने लोक सांगतात, की पूर्वी सवारी मराठी पंचांगाप्रमाणेच निघे आणि ती मोजकी असे. मालव्यातल्या लोकांचा श्रावणाचा पहिला पंधरवडा त्यात नव्हता, तो पुढे घेतला गेला. मराठ्यांचा पंधरवडाही तसाच ठेवला. आज दोन्ही श्रावण एकामागोमाग एक पालखीत बसतात. २०२३ साली अशा दहा सवाऱ्या निघाल्या.

दहा कशा? इथे धोंड्याचा महिना येतो.

चंद्राच्या एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस. सूर्याचे वर्ष ३६५ दिवसांचे. दरवर्षी अकरा दिवसांची तूट. ही तूट भरली नाही तर महिना ऋतूंतून मागे मागे सरकत जातो. रमजान असाच सरकतो आणि सुमारे तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. आपल्याला श्रावण पावसातच हवा, म्हणून साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना जास्तीचा घालतात. तो कुठे घालायचा हे मनाने ठरवत नाहीत. सूर्य दर महिन्याला एक रास ओलांडतो, ती संक्रांत. दोन अमावास्यांच्या मध्ये एकही संक्रांत पडली नाही, तर तो महिना अधिक.

यात मला सर्वांत आवडणारी गोष्ट अशी, की अधिक मास बहुतेक उन्हाळ्या-पावसाळ्यातच येतो. अधिक ज्येष्ठ, अधिक आषाढ, अधिक श्रावण आपण ऐकतो. अधिक पौष कोणी ऐकला आहे? याचे कारण पृथ्वीच्या कक्षेत आहे. जानेवारीच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते आणि तेव्हा ती भरभर पळते. म्हणून सूर्य धनू रास साडेएकोणतीस दिवसांच्याही आत ओलांडतो. जूनच्या सुमारास मिथुन राशीला मात्र साडेएकतीस दिवस घेतो. साडेएकतीस दिवसांच्या खोलीत साडेएकोणतीस दिवसांचा महिना आरामात मावतो, भिंतीला न टेकता. थंडीत खोली महिन्याहून लहान. तिथे उलटाच प्रकार होऊ शकतो, एका महिन्यात दोन संक्रांती पडतात आणि एक महिना गळतो. त्याला क्षयमास म्हणतात. १९६३-६४ आणि १९८२-८३ या वर्षी असे झाले. आपल्यातल्या वडीलधाऱ्यांनी दोन्ही पाहिले असतील. आता पुढचा २१२३-२४ साली, तेव्हा त्याची चर्चा इथे बसलेल्यांपैकी कोणी करणार नाही.

हिशेब असा जुळतो, की १९ वर्षांत चंद्राचे २३५ महिने बसतात, म्हणजे बारा गुणिले एकोणीस २२८ आणि वर अधिक सात. अधिक श्रावण १९८५ साली होता, २००४ साली होता आणि २०२३ साली. म्हणूनच एकोणिसाव्या, अडतिसाव्या आणि सत्तावन्नाव्या वाढदिवशी आपली जन्मतिथी आणि इंग्रजी तारीख पुन्हा एकत्र येतात, फार तर एखाद्या दिवसाने चुकतात. घरी जाऊन जरूर ताडून पाहा.

आता २०२३ चा जुलै. शेजाऱ्यांचा सावन लागला ४ जुलैला, काळोख्या पंधरवड्याने. १७ जुलैला अमावास्या झाली आणि १८ जुलै ते १६ ऑगस्ट अधिक मास आला. हा अधिक मास त्यांच्याकडेही शुद्ध प्रतिपदेला लागतो आणि अमावास्येला संपतो, म्हणजे तेवढ्यापुरते तेही अमान्तच होतात. त्यांच्या सावनाचे दोन पंधरवडे फाकले आणि मध्ये धोंडा जाऊन बसला. त्यांचा सावन राखीपर्यंत, म्हणजे जवळजवळ दोन महिने चालला आणि त्यात सोमवार आले आठ. आपला अधिक आधी झाला आणि निज श्रावण १७ ऑगस्टला लागला, त्यात सोमवार चार. एरवी पंधरा दिवसांचे अंतर असते, ते त्या वर्षी ४४ दिवसांचे झाले. आमच्या घरातला तो रविवार या ४४ दिवसांतला होता. सुनेने तिचे आठ सोमवार केले, पत्नीने तिचे चार. २१ आणि २८ ऑगस्ट हे दोनच सोमवार दोघींचे सामाईक निघाले. बाकी दिवशी साबुदाणा कोणी, किती भिजवायचा हे रोज विचारावे लागे.

थोडे विषयांतर करतो, कारण पंचांगावर बोललो की प्रश्नोत्तरांत एक प्रश्न हमखास येतो. पानिपतची लढाई संक्रांतीच्या दिवशी झाली ना? १४ जानेवारी १७६१, म्हणूनच 'संक्रांत कोसळली' म्हणतात ना? तारीख बरोबर आहे. पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती. ती होऊन चार दिवस झाले होते.

संक्रांतीचे वर्ष ताऱ्यांवर बांधलेले आहे आणि इंग्रजी वर्ष ऋतूंवर. दोन्हींत सुमारे वीस मिनिटांचा फरक. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा सावकाश डुलतो, त्याचा हा परिणाम. वीस-वीस मिनिटे साठत ७२ वर्षांत एक दिवस होतो आणि संक्रांत इंग्रजी तारखेत एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि तारीख १२ जानेवारी १८६३. तिथून शंभर वर्षे आणखी मागे गेलो की १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास पडते. आज ती १४ किंवा १५ ला येते. पुढच्या शतकात १६ ला येईल आणि तेव्हा कोणीतरी म्हणेल की १४ ला संक्रांत असते हे चूक.

सूर्य उत्तरेकडे वळतो तो दिवस तर २२ डिसेंबरचा. उज्जैनच्या वेधशाळेत त्या सुमारास शंकूची दुपारची सावली वर्षातली सर्वांत लांब पडते. ही वेधशाळा सवाई जयसिंगांची. तिची दुरुस्ती १९२३ साली माधवराव शिंद्यांनी केली, आणि ज्यांच्या आग्रहाने ती झाली त्यांत तिचे पहिले अधीक्षक गोविंद सदाशिव आपटे होते. त्याही आधी, एकोणिसाव्या शतकात, ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले सायन पंचांगाचा, म्हणजे संक्रांत खऱ्या अयनाशी बांधण्याचा आग्रह धरून वाद घालत राहिले. लोकांनी ऐकले नाही. तिळगूळ जानेवारीतच राहिला. आपली माणसे घरापासून इतक्या दूर येऊन आकाशाकडे पाहत होती, हे मला तरी अभिमानाचे वाटते.

आणि एक अगदी घरगुती गोष्ट. संकष्टीचा चंद्रोदय आपण मुंबईच्या कॅलेंडरात पाहतो. इंदूर मुंबईच्या तीन अंश पूर्वेला, म्हणून चंद्र आपल्याकडे दहा-पंधरा मिनिटे आधी उगवतो, ऋतूप्रमाणे थोडे कमीजास्त. दादरच्या चंद्रासाठी उपाशी बसण्याचे कारण नाही. राजवाड्यावर उगवला की पान घ्यावे.

आता मूळ विषयाकडे. सुनेला हे सगळे सांगितल्यावर ती म्हणाली, "मग चूक कोणाचीच नाही, तर फरक काय पडतो?" तिला मी जे सांगितले ते आपल्यालाही सांगतो, कारण फरक पडतो.

माझे आजोबा होळकर संस्थानच्या नोकरीत होते. शेवटची नेमणूक रामपुऱ्याकडे. तिथेच ते तीन-चार दिवसांच्या तापाने गेले. माझे वडील तेव्हा आठ वर्षांचे, थोरले तेच. गावच्या पंडितजींनी सगळे यथासांग केले आणि निघताना आजीच्या हातात एक चिठ्ठी दिली. वर्षश्राद्धाला लागेल म्हणून तिथी लिहून. चिठ्ठीवर होते 'कार्तिक कृष्ण ५'. आजी तीन मुले आणि ती चिठ्ठी घेऊन इंदूरला भावाकडे आली. पुढच्या वर्षी भटजींना चिठ्ठी दाखवली. ते मराठी. त्यांनी वाचले कार्तिक वद्य पंचमी आणि आपल्या पंचांगात तो दिवस काढून दिला. तुळशीचे लग्न होऊन गेल्यावर पाच-सहा दिवसांनी. दरवर्षी त्याच दिवशी श्राद्ध होत राहिले.

आजी त्या दिवसांविषयी फार बोलत नसे. पण दोन गोष्टी ती सांगायची. एक म्हणजे, चकलीची भाजणी नुकतीच दळून आणली होती, ती तशीच डब्यात राहिली. दुसरी, भेटायला आलेल्या प्रत्येक बाईच्या हातावर ताजी मेंदी होती. आदल्या दिवशी गावात करवा चौथ झाली होती.

अकरा वर्षे हे सगळ्यांनी ऐकले. वडील एकोणीस वर्षांचे झाले, कॉलेजात गणित शिकू लागले, तेव्हा एका दिवाळीत आजी तळण करताना भाजणीचे पुन्हा बोलली आणि वडिलांच्या हातातली चकली तशीच राहिली. दिवाळीच्या फराळाची भाजणी दिवाळीच्या आधी दळतात. करवा चौथही दिवाळीच्या आधी अकरा-बारा दिवस येते. मग वडिलांचे श्राद्ध दिवाळीनंतर तीन आठवड्यांनी कसे?

पंडितजी चुकले नव्हते. त्यांचा कार्तिक कृष्ण पक्ष दिवाळीच्या आधीचा. आपल्या भाषेत ती आश्विन वद्य पंचमी. भटजीही चुकले नव्हते, त्यांनी जे लिहिले होते तेच वाचले. चिठ्ठी एका पंचांगातून निघाली आणि दुसऱ्या पंचांगात उतरली, तेवढ्यात एक महिना पडला.

होळकर-शिंद्यांची पत्रे वाचणाऱ्या अभ्यासकांना हे चांगले ठाऊक असते. मराठी कारकुनाने आश्विन वद्य ५ लिहिले आणि जयपूर-कोट्याकडच्या लेखकाने कार्तिक बदी ५, तर दोन्ही पत्रे एकाच दिवसाची. हे ध्यानात घेतले नाही तर स्वार एक महिना रस्त्यात राहिला असे वाटते. पण आपल्या घरातल्या चिठ्ठ्या कोणी अभ्यासक वाचत नाही. म्हणून विनंती करतो. आपल्या ट्रंकेत, पोथीच्या पुठ्ठ्यात, जुन्या वहीत कुणाचा जन्म किंवा मृत्यू तिथीने लिहिलेला असेल, तर आधी पक्ष पाहा. शुद्ध असेल तर निश्चिंत राहा. वद्य किंवा कृष्ण असेल, तर ते कोणाच्या हातचे आहे ते पाहा. 'बदी' लिहिले आहे की 'वद्य', संवत लिहिले आहे की शक, हे पाहा. विक्रम संवत शकाहून १३५ ने पुढे असते, त्यामुळे तो आकडाच लिहिणाऱ्याचे पंचांग सांगून जातो. इंग्रजी तारीख मिळाली, तार मिळाली, पगाराचा कागद मिळाला तर उत्तमच. आणि काहीच मिळाले नाही तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तेव्हा घरात काय शिजत होते.

वडिलांनी आजीला कागदावर आकृती काढून हे समजावले. तिला लिहिता-वाचता येत होते, तिने ते समजून घेतले. बराच वेळ गप्प राहून तिने एवढेच विचारले, "मग अकरा वर्षं ते येऊन परत गेले असतील का रे?"

वडिलांना त्याचे उत्तर गणितात सापडले नाही. दुसऱ्या वर्षापासून श्राद्ध आश्विन वद्य पंचमीला होऊ लागले. पण कार्तिकातली पंचमी आजीने सोडली नाही. इतक्या वर्षांची सवय, म्हणायची, या दिवशीही त्यांना आपल्या दाराची आठवण लागली असेल. भटजी नाही, विधी नाही, नुसते एक पान. मी लहान असताना ते दुसरे पान पाहिले आहे. तुळशीच्या लग्नातले ऊस अजून अंगणात उभे असायचे आणि ती पान घेऊन परसात जाऊन कावळ्याची वाट पाहत बसायची. ती असेपर्यंत दोन्ही पंचम्यांना पान वाढले गेले.